दाताला आले, शुगर घेऊन गेले

माझ्या धंद्यात एक गंमत आहे. पेशंटचं तोंड उघडं असतं तेव्हा त्याला बोलता येत नाही, आणि एकदा बंद झालं की तो थांबत नाही! भूल चढेपर्यंतची दहा मिनिटं आणि काम झाल्यावर कंपनीची बस येईपर्यंतचा वेळ, एवढ्यात माणूस संसार, शिफ्ट, सुपरवायझर, सगळं सांगून मोकळा होतो. चाकणला दातांचा दवाखाना टाकून मला अठरा वर्षं झाली. सांगवीहून रोज जाते-येते. चौकातल्या ट्रॅफिकमध्ये गाडी अर्धा तास उभी राहिली की हे सगळे आपोआप आठवतात आणि मी एकटीच हसत बसते. शेजारच्या टेम्पोवाल्यांना आता सवय झाली आहे.

दवाखान्यात पहिल्या दिवसापासून माझ्याबरोबर सुनंदाताई आहेत. पदानं असिस्टंट, प्रत्यक्षात मालकीण. पॅसेजच्या पलीकडे डॉ. गायकवाड बसतात, एम.डी. फिजिशियन. पिंपरीत वाढले, वडील तिथेच कारखान्यात टर्नर होते. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे. सरांच्या मते माणसाचं शरीर गळ्याच्या खाली सुरू होतं. माझ्या मते ओठांपासून. हा सीमावाद अठरा वर्षं चालू आहे.

आणि बहुतेक पेशंटांच्या मते तर दात हे शरीराचा भागच नाहीत. ते भाडेकरू आहेत. त्रास दिला की काढा, खोली रिकामी करा!

*

भाऊसाहेब असेच भाडेकरू काढायला आले होते. चाकणजवळच्या गावचे, घरची थोडी शेती, आणि एका कंपनीत प्रेस शॉपला सुपरवायझर. आवाज असा की मशीन चालू असतानाही ऐकू यावा.

"म्याडम, ह्यो पुढचा दात हालतोय. काढून टाका. दुपारची शिफ्ट हाय."

मी आरसा घालून बघितलं. एक नाही, पाच दात हलत होते. हिरड्या सुजलेल्या, हात लावला की रक्त, दोन ठिकाणी पू. पण दात स्वच्छ होते. माणूस रोज नीट घासत होता. मग एवढं कशामुळे? मी विचारलं, "भाऊसाहेब, शुगर तपासली आहे का कधी?"

"शुगर? मला? न्हाई ओ. मी च्या बी बिनसाखरेचा पितो."

"तहान लागते का फार? रात्री उठावं लागतं?"

"ते वय झालं म्हनून."

वय छेचाळीस! मी त्यांना पॅसेजच्या पलीकडे पाठवलं. जाताना त्यांची बडबड साऱ्या मजल्यानं ऐकली. "दात दाखवायला आलो, तर बाई रगत मागती!"

पंधरा मिनिटांनी गायकवाडसर स्वतः आले. हातात चिठ्ठी. "मॅडम, मीटरवर आकडाच येत नाहीये. नुसतं 'हाय' दाखवतंय. हा माणूस चालत कसा आला?"

भाऊसाहेबांना गोळ्या-इन्शुलिन सुरू झालं, त्याबरोबर मी हिरड्यांचे उपचार केले. पाचातले तीन दात वाचले. हिरड्या बऱ्या झाल्यावर शुगरही जरा ऐकायला लागली. सरांनी हे मान्य केलं, पण खोकत खोकत.

भाऊसाहेबांना मात्र वेगळंच कळलं होतं. त्यांनी कँटीनमध्ये जाहीर केलं, "त्या म्याडमकडं जाऊ नका. छेचाळीस वर्सं मला शुगर नव्हती. त्यांनी तोंडात आरसा घातला आन् झाली!"

पुढच्या आठवड्यात त्यांच्याच डिपार्टमेंटचे चौघे दारात उभे. मी विचारलं, "कुणाचा दात दुखतोय?"

"दात ठीक आहेत मॅडम," त्यातला एक हळूच म्हणाला. "तेवढी आरशातून शुगर बघा ना!"

*

भाऊसाहेबांना आपल्या शरीराचं काहीच माहीत नव्हतं. निनादला सगळं माहीत होतं. वाकडला एकविसाव्या मजल्यावर राहणारा, वय तेहतीस, चाकणच्या एका ऑटोमेशन कंपनीत डेटाचं काम. मनगटावर घड्याळ, बोटात अंगठी, दोन्ही त्याला मोजत असत.

चेअरवर बसायच्या आधी त्यानं मोबाइल पुढे केला. रोजची पावलं, झोपेचे तास, हृदयाचे ठोके, रक्तातला ऑक्सिजन. रंगीत आलेख, तीन वर्षांचे! "मॅडम, माझं सगळं ऑप्टिमाइझ्ड आहे. फक्त थोडं ब्लीडिंग होतं आणि ऑफिसात लोक जरा लांब उभे राहतात."

मी तोंड बघितलं. दातांमागे दगडासारखा थर. लोक लांब का उभे राहतात, ते मास्कमधूनही कळलं.

"मागच्या महिन्यात ब्लड टेस्ट केली," तो म्हणाला. "सगळं नॉर्मल, फक्त सूज दाखवणारी एक टेस्ट वाढलेली होती. कशामुळे, ते कुणालाच कळेना. मी ग्लूटेन बंद केलं. मग दूध बंद केलं. मग गार पाण्यानं आंघोळ सुरू केली."

"आणि?"

"सर्दी झाली."

"निनाद, शरीरात कुठे तरी सूज आहे म्हणून रक्त ओरडतंय, आणि तुमच्या तोंडात ही सूज आहे. तुमच्या तळहाताएवढी जखम पायावर असती तर तुम्ही तीन वर्षं चालत राहिला असता का? सगळ्या दातांभोवतीची ही लाल जागा एकत्र केली ना, तर जवळपास तेवढी होईल."

त्यानं मोबाइल खिशात ठेवला. मी विचारलं, "रात्री झोपताना ब्रश करता?"

निनाद खरोखर विचारात पडला. मग प्रामाणिकपणे म्हणाला, "नाही. त्याचं ॲप नाहीये."

*

हौसाबाईंना मुलगा घेऊन आला तो शेवटचा उपाय म्हणून. वय पंचाहत्तरच्या पुढे. सहा महिन्यांत वजन एवढं उतरलं होतं की बांगड्या दंडापर्यंत सरकत होत्या. चालताना तोल जायचा. मुलानं काही कमी केलं नव्हतं. सोनोग्राफी, पोटात दुर्बीण घालून तपासणी, छातीचा फोटो. रिपोर्टची पिशवी त्यानं माझ्या टेबलावर ठेवली तेव्हा टेबल हललं.

"सगळं नॉर्मल आहे मॅडम. डॉक्टर म्हणतात, खाण्याकडे लक्ष द्या. पण ती खातच नाही. आमच्या मंडळीला वाटतं आपल्या हातची चव आवडत नाही. घरात रोज भांडण. परवा बायको चिडून माहेरी गेली."

म्हातारी खाली बघून बसली होती. मी म्हटलं, "आजी, तोंड उघडा बरं."

वर एकही दात नाही, खाली दोन. पण हिरड्यांवर कवळीच्या जुन्या खुणा होत्या.

"आजी, कवळी कुठंय?"

"हाय की."

"कुठं?"

"कपाटात. डागिन्याच्या डब्यात."

"का?"

हौसाबाईंनी माझ्याकडे असं बघितलं की मीच वेडी. "पोरानं एवढी म्हागाची करून दिली. रोज घालून झिजवू व्हय? लग्नाकार्याला घालती. फोटू काढताना घालती."

"मग रोज काय खाता?"

"च्यात भाकर बुडवून. सकाळ, संध्याकाळ."

मुलगा खुर्चीवरून उठून उभाच राहिला. "आई! अगं चार डॉक्टर केले! सांगायचं नाही का?"

"त्यांनी पोट इचारलं, छाती इचारली, शी इचारली," हौसाबाई शांतपणे म्हणाल्या. "त्वांड कुनी इचारलंच न्हाई."

सुनंदाताई आत जाऊन रडल्या की हसल्या, ते मला अजून सांगत नाहीत. मी कवळी नीट बसवून दिली, गायकवाडसरांनी टॉनिक लिहून दिलं. तीन महिन्यांत हौसाबाई भरल्या. सून माहेरून आली. आता तक्रार सूनबाईंची आहे. फोन करून म्हणाल्या, "मॅडम, कवळी जरा सैल करता येईल का? सासूबाई आता भाकरी चावता चावता चुका पण काढतात."

*

सासूवरून आठवलं. पूजा ही परभणीकडची मुलगी, नवरा-बायको दोघंही चाकणला कंपनीत. पाचवा महिना होता. हिरड्यांतून रक्त, एक दाढ किडलेली, दुखण्यानं जेवण तुटलेलं. बाळाचं वजन कमी भरतंय म्हणून तिच्या बाळंतपणाच्या डॉक्टरांनी चिठ्ठी देऊन पाठवलं होतं. बरोबर सासू. सासूबाईंनी दारातच सांगून टाकलं, "हात लावायचा नाही. पोटातलं लेकरू हिचे दात खायलंय. हुईल तवा आपोआप थांबंल."

"लेकरू दात खात नसतं हो मावशी," मी म्हटलं. "पूजा, ब्रश करतेस का?"

पूजाच्या डोळ्यांत पाणी आलं. "पेस्टचा वास आला की उलटी होते मॅडम. दोन महिने नुसत्या चुळा भरते."

एवढंच होतं! उलट्यांनी दात झिजत होते आणि घासणं बंद. मी छोटा मऊ ब्रश दिला, पेस्ट काही दिवस बंद करायला सांगितली, दाढ भरू म्हटलं. पाचव्या महिन्यात ते सुरक्षित असतं, आणि ठसठसणारी दाढ तशीच ठेवली तर बाळाच्या आईला जेवण जात नाही, हे परत परत समजावलं. सासूबाईंना काही पटेना.

"मला शिकवू नका. मला चार लेकरं झाली, चार दात गेले. हिशेब बराबर हाय!"

मी म्हटलं, "मावशी, तुमचंही तोंड बघू द्या." बघितलं. सहा दात नव्हते. "हे दोन कधी गेले?"

"मागल्या साली."

"मग मागल्या साली कुठलं लेकरू झालं तुम्हाला?"

पूजा पदर तोंडावर धरून हसायला लागली. सासूबाईंनी बोटांवर हिशेब केला आणि मान वर केली.

"ते नातवंडांचे!"

पण दाढ भरू दिली. मुलगी झाली, चांगली टपोरी. बारशाचे पेढे घेऊन सासूबाई स्वतः आल्या आणि म्हणाल्या, "माझा अजून एक हालायलाय. म्हंजे पूजाला दुसरं राहतंय बघा!"

*

एका कंपनीनं आरोग्य शिबिराला बोलावलं होतं. कँटीनमध्ये टेबल मांडलेलं, भिंतीवर 'तंबाखूमुक्त परिसर' असे मोठे बोर्ड. ते सगळे बोर्ड एचआरच्या मॅनेजरांनी स्वतः बनवून घेतले होते. टाय लावलेले, चाळिशीचे, उत्साही गृहस्थ. माझ्या शेजारी उभं राहून प्रत्येक कामगाराला उपदेश चालू होता. "बघा, शरीर हे मंदिर आहे."

मी एक साधी तपासणी करत होते. आपली तीन बोटं उभी एकावर एक धरून तोंडात घालायची. गेली तर ठीक. नाही गेली तर तोंड आतून आखडायला लागलंय. तंबाखू, गुटखा, सुपारी खाणाऱ्यांचं तसं होतं. पुढे त्यातून काय होऊ शकतं, ते मी शिबिरात मोठ्यानं बोलत नाही.

रांगेतला एक वेल्डर म्हणाला, "साहेबांचं बघा की मॅडम आधी. म्हणजे आम्हाला पण कळेल कसं करायचं."

मॅनेजर हसत पुढे आले. टाय सारखा केला. तीन बोटं उचलली. दोन गेली. तिसरं जाईना. त्यांनी मान वाकडी केली, हात बदलला, परत प्रयत्न केला.

"माझी बोटं जाड आहेत," मॅनेजर म्हणाले.

कुणी हसलं नाही. हसण्यासारखं नव्हतंच. शनिवारी ते एकटेच दवाखान्यात आले, टायशिवाय. खिशातून एक चकचकीत डबी काढून टेबलावर ठेवली. "मॅडम, मी आयुष्यात तंबाखूला हात लावलेला नाही. ही नुसती गोड सुपारी. माउथ फ्रेशनर. दिवसाला... असेल दहा-पंधरा वेळा. सुपारी म्हणजे तंबाखू थोडीच?"

मी त्यांना सगळं सांगितलं. या वेळी मोठ्यानं. गालाच्या आतल्या त्वचेचा तुकडा तपासायला पाठवला. रिपोर्ट येईपर्यंतचे पाच दिवस ते रोज फोन करायचे, कामाचं काही न विचारता हवापाण्याचं बोलायचे आणि ठेवायचे. रिपोर्ट चांगला आला. म्हणजे, साहेब वेळेत आले होते. सुपारी सुटली. तोंड उघडावं म्हणून आइस्क्रीमच्या काड्या दातांत धरायचा व्यायाम दिला, रोज एक काडी वाढवायची.

तो वेल्डर मागच्या महिन्यात आला होता. म्हणाला, "साहेब बदलले मॅडम. मीटिंगमध्ये तोंडात काड्या धरून बसतात. दीड तास एक शब्द बोलत नाहीत. तंबाखूमुक्तीपेक्षा कंपनीला हाच फायदा मोठा!"

*

सावंतकाका मेंटेनन्सला होते. मूळचे कोकणातले, पण चाळीस वर्षं पिंपरीत. हृदयाची झडप खराब झाली, ऑपरेशन ठरलं, आणि सर्जननं सांगितलं की दातांच्या डॉक्टरांची सही आणल्याशिवाय टेबलावर घेणार नाही.

काका चेअरवर बसले तेच लाल होऊन. "ऑपरेशन छातीचं आणि सही दातवालीची! उद्या न्हाव्याची पण आणायला सांगतील!"

तोंडात दोन दाढांची मुळं सडलेली, खाली पू. मी चित्र काढलं. तोंडातले जंतू रक्तात कसे जातात, नव्या झडपेवर कसे बसतात, मग केवढं संकट होतं. काका छताकडे बघत होते. मुलगी बिचारी बाजूला उभी, ऑपरेशनची तारीख पुढे जाते की काय या काळजीत. मी परत समजावलं. तिसऱ्यांदा समजावलं. आणि अचानक काका ताठ बसले.

"थांबा. म्हणजे टाकीत गाळ आहे. तो लाइनमधून पंपाला जातोय. तर नवीन पंप बसवायच्या आधी टाकी साफ करायची. असंच ना?"

"असंच काका!"

"मग हे बोला की! मघापासून जंतू आणि झडपा काय सांगत बसलात? काढा ती मुळं!"

ऑपरेशन छान झालं. पण वॉर्डात काका शेजारच्या प्रत्येक खाटेपाशी जाऊन विचारायचे, "टाकी साफ केली का?" चौथ्या दिवशी सर्जननं त्यांच्या मुलीला बाजूला घेतलं आणि काळजीनं विचारलं, "बाबांना भूल उतरल्यापासून पाण्याच्या टाकीचे भास होतायत का?"

*

आता गायकवाडसरांचा. सर ठणठणीत आहेत, समोरच बसतात, आणि हा किस्सा त्यांच्या परवानगीनं सांगते.

एका मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास सर स्वतः आत आले. अठरा वर्षांत पहिल्यांदा पेशंट म्हणून! डावा हात जबड्याला. "मॅडम, ही खालची डावी दाढ काढा. आठ दिवस झोप नाही. बाहेर माझे बारा पेशंट बसलेत, पटकन."

मी बघितलं. दाढ ठणठणीत. आरशाच्या मागच्या बाजूनं ठोकून बघितलं, गार पाणी सोडलं, फोटो काढला. काही नाही.

"सर, दाढेला काही झालेलं नाही."

"दुखतेय मला की तुम्हाला?"

"कधी दुखते? चावताना?"

"नाही. लिफ्ट बंद आहे ना, जिना चढलो की. वर येऊन बसलं की थांबते."

माझ्या हातातला आरसा तसाच राहिला. सरांच्या कपाळावर घाम होता. एसी चालू होता.

"सर, ईसीजी काढू या."

"कुणाचा?"

"तुमचा."

"मॅडम, दात तुम्ही बघा. हार्ट मला बघू द्या. छातीत दुखत नाहीये माझ्या. मला कळत नाही का?"

मी काही बोलायच्या आत सुनंदाताई पुढे आल्या. त्या सरांशी कधी फार बोलत नाहीत. "सर, तुमच्या पेशंटनं जिना चढल्यावर जबडा दुखतो असं सांगितलं असतं तर?"

"पेशंटची गोष्ट वेगळी," सर म्हणाले. पण त्यांनी शर्टाची बटणं काढली. वैतागून, आम्हा दोघींवर उपकार केल्यासारखी.

त्यांच्याच दवाखान्यातून रेश्मा सिस्टर मशीन घेऊन आली. माझ्याच चेअरवर त्यांना आडवं केलं, वायरी लावल्या. सर डोळे मिटून पुटपुटत होते की दाढ काढायला एवढी नाटकं त्यांनी कुठे बघितली नाहीत. मशीन करकरलं, पट्टी बाहेर आली. रेश्मानं पट्टी बघितली आणि माझ्यापुढे धरली. सरांनी हात पुढे केला. "आण इकडे."

त्यांनी चष्मा लावला. पट्टी उजेडाकडे धरली. आणि त्यांचा आवाज बदलला. वैताग गेला, पॅसेजपलीकडून मी रोज ऐकते तो आवाज आला.

"रेश्मा, चुकीचा कागद दिलास. हा सकाळच्या कुणाचा तरी आहे."

"नाही सर."

"अगं नाही काय! याला अटॅक येतोय! याला घरी कसं जाऊ दिलं? आधी ॲस्पिरिन द्या, अँब्युलन्सला फोन लावा, नातेवाइकांना बोलवा. एक मिनिट घालवू नका. नाव काय याचं?"

रेश्मानं माझ्याकडे बघितलं. मी सुनंदाताईंकडे. सुनंदाताईंनी फोन कानाला लावलेलाच होता. दुसऱ्या हातानं त्यांनी सरांच्या हातातली पट्टी हळूच काढून घेतली.

"गायकवाड," त्या म्हणाल्या.